अंदमान-निकोबार कमांड : तीन दले, एक सेनापती

अंदमान म्हटले की मराठी वाचकाला सर्वप्रथम सेल्युलर तुरुंग आठवतो, आणि त्यात गैर काहीच नाही. बाबाराव आणि विनायकराव या सावरकर बंधूंनी १९२१ पर्यंत तिथे जे भोगले, त्यामुळे हे नाव आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आदराने घेतले जाते. मात्र त्याच पोर्ट ब्लेअरमध्ये ८ ऑक्टोबर २००१ रोजी स्वतंत्र भारताच्या संरक्षणव्यवस्थेतला एक मोठा प्रयोग सुरू झाला, त्याविषयी मराठीत फारच थोडे वाचायला मिळते. त्या दिवशी भूदल, नौदल आणि वायुदल यांच्या या द्वीपसमूहातल्या तुकड्या तटरक्षक दलासह एकाच सेनापतीच्या हुकमतीखाली आल्या. अंदमान आणि निकोबार कमांड ही देशातली पहिली प्रादेशिक संयुक्त कमांड आहे. सध्या ‘थिएटर कमांड’, म्हणजे एका प्रदेशातली तिन्ही दले एकाच सेनापतीच्या हाताखाली आणणारी रचना, या विषयावर जी चर्चा रंगते आहे, तिच्यात या कमांडच्या अनुभवाचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला जातो, याचे मला वाईट वाटते. म्हणून हे थोडे सविस्तर टिपण.

आधी मुळातली अडचण सांगायला हवी. आपल्या तिन्ही दलांच्या मिळून १७ कमांड आहेत: भूदलाच्या ७, वायुदलाच्या ७ आणि नौदलाच्या ३. त्यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत आणि मुख्यालयेही एका गावात नाहीत. पूर्व भारताचेच पाहा. भूदलाच्या पूर्व कमांडचे मुख्यालय कोलकात्यात, नौदलाच्या पूर्व कमांडचे विशाखापट्टणममध्ये आणि वायुदलाच्या पूर्व कमांडचे शिलाँगमध्ये आहे. महाराष्ट्रातही हेच चित्र दिसते. पुण्यात भूदलाची दक्षिण कमांड, मुंबईत नौदलाची पश्चिम कमांड आणि नागपुरात वायुदलाची देखभाल कमांड आहे, आणि तिघींचे वरिष्ठ दिल्लीतल्या तीन वेगवेगळ्या कार्यालयांत बसतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षे एकत्र राहतात, एका मैदानावर कवायत करतात आणि एका पंगतीत जेवतात. त्यानंतर मात्र प्रत्येक जण आपापल्या दलात जातो आणि पुढची कित्येक वर्षे दुसऱ्या दलाच्या हुकमाखाली काम करण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. हा तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न अंदमानात झाला.

तो तिथेच का झाला, याचे उत्तर नकाशावर आहे. हा द्वीपसमूह उत्तर-दक्षिण साडेसातशे किलोमीटरहून अधिक लांब पसरलेला आहे. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर सुमारे १३५० किलोमीटरवर, तर देशाचे दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटपासून इंडोनेशियाचे सुमात्रा बेट जेमतेम दीडशे किलोमीटरच्या आसपास. अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये ‘टेन डिग्री चॅनल’ ही रुंद सामुद्रधुनी आहे, आणि ग्रेट निकोबारच्या दक्षिणेला ‘सिक्स डिग्री चॅनल’ आहे. आखाती देशांतून किंवा सुएझमार्गे येऊन मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी, म्हणजे पुढे चीन, जपान आणि कोरिया गाठणारी जहाजे याच दक्षिणेकडच्या मार्गाने जातात. या बेटांची जमीन सव्वाआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्यांच्यामुळे भारताला सुमारे ६ लाख चौरस किलोमीटरचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या साधनसंपत्तीवर फक्त आपला हक्क आहे असा समुद्र, मिळते. एवढ्या समुद्रावर नजर ठेवायची, बेटांचे रक्षण करायचे, आणि काही घडले तर मुख्य भूमीवरून मदत पोहोचेपर्यंत हाती आहे तेवढ्यावर तग धरायचा, हे काम तीन वेगळ्या मुख्यालयांना पत्रे लिहून होणारे नाही.

लष्करी दृष्टीने या बेटांकडे पाहण्याची परंपरा जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीसाठी आर्चिबाल्ड ब्लेअरने १७८९ मध्ये इथे पहिली वसाहत उभारली. पुढे ती उत्तरेकडच्या बंदरात हलवली गेली आणि रोगराईमुळे १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत आली. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४२ मध्ये जपानने बेटे घेतली ती जवळपास प्रतिकाराविनाच, आणि युद्ध संपेपर्यंत त्यांचा ताबा सोडला नाही. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला, तो याच काळात. मुख्य भूमीवर भक्कम सत्ता असूनही ही बेटे किती सहज हातची जाऊ शकतात, हा १९४२ चा धडा पुढच्या नियोजनकर्त्यांनी लक्षात ठेवायला हवा होता.

प्रत्यक्षात स्वातंत्र्यानंतरची सुरुवात अतिशय संथ झाली. नौदलाने १९६० च्या दशकात पोर्ट ब्लेअरमध्ये पाय रोवले आणि १९६४ मध्ये आयएनएस जारवा हा किनाऱ्यावरचा तळ कार्यान्वित झाला. १९६५ च्या युद्धात सुकार्नोंचा इंडोनेशिया उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने होता आणि त्यामुळे या बेटांची चिंता दिल्लीला वाटू लागली. १९७१ मध्ये मात्र हीच बेटे आपल्या उपयोगी पडली. पाकिस्तानची पाणबुडी ‘गाझी’ आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या मागावर होती. नौदलाच्या पूर्व कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांत विशाखापट्टणममध्येच असल्याचा आभास निर्माण केला आणि प्रत्यक्षात तिला अंदमानातल्या एका निर्जन बंदरात दडवले. त्या जागेचे सांकेतिक नाव होते ‘पोर्ट एक्स-रे’. गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमसमोरच बुडाली. विक्रांत पुढे कित्येक वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि शाळेच्या सहलींतून हजारो मुलांनी ती पाहिली. त्या डेकवर चालताना अंदमानातल्या त्या बंदराची गोष्ट मुलांना कोणी सांगितली असेल, तर मला फार आनंद होईल.

१९७६ मध्ये इथे नौदलाच्या अधिपत्याखाली ‘फोर्ट्रेस कमांडर’ हे पद आले. नौदलात त्याला ‘फोर्टॅन’ म्हणत. १९८५ मध्ये आयएनएस उत्क्रोश हा नौदलाचा हवाई तळ सुरू झाला. पोर्ट ब्लेअरला जाणारा प्रत्येक प्रवासी या तळाशी परिचित असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते, कारण वीर सावरकर विमानतळाची धावपट्टी हीच नौदलाची धावपट्टी आहे. मी उतरलो तेव्हा खिडकीतून पलीकडच्या बाजूला करड्या रंगाचे एक डॉर्निअर उभे दिसत होते, त्याच्या पोटाखाली दोन जवान वाकून काही तपासत होते, आणि आमच्या विमानातले बहुतेक प्रवासी सामान काढण्याच्या गडबडीत होते. समुद्रावर तासन् तास घिरट्या घालून नजर ठेवण्याचे काम अशीच विमाने करतात.

संयुक्त कमांडचा निर्णय झाला तो कारगिलनंतर. १९९९ च्या मे महिन्यात घुसखोरी लक्षात आल्यापासून २६ मे रोजी वायुदल लढाईत उतरेपर्यंत जो वेळ गेला, आणि त्या काळात दोन दलांमध्ये जी ओढाताण झाली, तिच्याविषयी दोन्ही बाजूंच्या माणसांनी पुढे बरेच लिहिले आहे. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल समीक्षा समितीने सुरक्षाव्यवस्थेचा मुळापासून फेरविचार करा असे सांगितले. त्यानंतर लालकृष्ण अडवाणी यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिगटाने फेब्रुवारी २००१ मध्ये अहवाल दिला, ज्याच्या संरक्षण व्यवस्थापनाच्या भागामागे अरुण सिंग यांच्या कार्यगटाचे काम होते. त्या अहवालात तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमण्याची शिफारस होती आणि अंदमानात संयुक्त कमांड उभारण्याचीही. पहिली शिफारस अमलात यायला जवळपास एकोणीस वर्षे लागली. दुसरी आठ महिन्यांत अमलात आली. याचे कारण मला असे दिसते की, अंदमानात कुणाचे फारसे काही जात नव्हते. तिथे वरचष्मा नौदलाचा होता, भूदलाची एक ब्रिगेड होती, कार निकोबारला वायुदलाचा तळ होता, आणि यांतले काहीही त्या त्या दलाच्या काळजाचा तुकडा नव्हते.

पहिले सेनापती म्हणून व्हाइस ॲडमिरल अरुण प्रकाश यांची नेमणूक झाली. त्यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट या संदर्भात मला मोलाची वाटते. नौदलाचे वैमानिक असलेले अरुण प्रकाश १९७१ च्या युद्धात वायुदलाच्या २० व्या स्क्वॉड्रनमध्ये प्रतिनियुक्तीवर होते. पश्चिम आघाडीवर हंटर विमानातून केलेल्या हल्ल्यांसाठी त्यांना वीरचक्र मिळाले. म्हणजे दुसऱ्या दलाच्या हुकमाखाली, त्यांच्या विमानात बसून, जिवाची बाजी लावलेला अधिकारी तिन्ही दलांच्या पहिल्या संयुक्त कमांडच्या डोक्यावर आला. ते पुढे नौदलप्रमुख झाले आणि निवृत्तीनंतरही संयुक्ततेचा आग्रह त्यांनी सातत्याने मांडला आहे.

रचना अशी ठरली की, हे पद तिन्ही दलांकडे आळीपाळीने जावे. तिथले लोक या सेनापतीला ‘सिनकॅन’ (‘कमांडर-इन-चीफ, अंदमान अँड निकोबार’चे लघुरूप) म्हणतात. त्याने कोणत्याही एका दलाच्या प्रमुखाला नव्हे, तर तिन्ही दलप्रमुखांच्या समितीच्या अध्यक्षाला जबाबदार राहावे असे ठरले, आणि २०२० पासून ती जागा संरक्षण दल प्रमुखांकडे आली. पोर्ट ब्लेअरची भूदलाची १०८ वी माउंटन ब्रिगेड, नौदलाच्या नौका आणि तळ, वायुदलाचे कार निकोबार आणि तटरक्षक दलाचे प्रादेशिक मुख्यालय, हे सारे त्याच्या हाताखाली. कागदावर ही रचना नेटकी होती. कागदाबाहेर तिचे कसे झाले, हाच या विषयाचा गाभा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पोर्ट ब्लेअरमध्ये वायुदलाच्या एखाद्या जवानाने शिस्तभंग केला आणि त्या वेळी सिनकॅन भूदलाचे लेफ्टनंट जनरल आहेत. तो जवान १९५० च्या वायुसेना कायद्याने बांधलेला, जनरलसाहेब १९५० च्या भूसेना कायद्याने, आणि शेजारच्या टेबलावरचा खलाशी १९५७ च्या नौदल कायद्याने. सेनापती असूनही जनरलसाहेबांना त्या जवानावर शिस्तीची कारवाई करण्याचा अधिकार नव्हता. त्याला त्याच्या मूळ दलाच्या युनिटकडे परत पाठवायचे, आणि मग पुढची कारवाई तिथे व्हायची. दोघांनी मिळून एकच गुन्हा केला आणि दोघे वेगळ्या दलांचे असले, तर दोन चौकशा, दोन वेगळ्या ठिकाणी. ज्याच्या हुकमावर माणसाने युद्धात जीव द्यायचा, त्याला त्या माणसाची रजा किंवा शिक्षा ठरवता येत नाही, ही विसंगती कमांडच्या स्थापनेनंतर दोन दशकांहून अधिक काळ चालू राहिली. आंतर-सेवा संघटनांविषयीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला आणि तो १० मे २०२४ पासून लागू झाला. त्यानंतर अशा संयुक्त संघटनांच्या प्रमुखांना आपल्या हाताखालच्या तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तविषयक आणि प्रशासकीय अधिकार मिळाले. या कायद्याची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळींत आली, पण माझ्या मते २००१ नंतर या कमांडच्या आयुष्यातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस होता.

दुसरे दुखणे साधनांचे. कमांड स्थापन झाली म्हणून तिच्या वाट्याला जास्त विमाने किंवा जास्त नौका आल्या असे झाले नाही. प्रत्येक दलाकडे साधने मोजकी, आणि मुख्य भूमीवरच्या सीमांवर सतत ताण. त्यामुळे अंदमानला काय द्यायचे हा निर्णय दलांच्या मुख्यालयांकडेच राहिला, आणि मोठी लढाऊ साधने गरजेपुरती तात्पुरती येऊन परत जात राहिली. मधली काही वर्षे तर सेनापतिपदही लागोपाठ नौदलाकडेच राहिले आणि पुन्हा आळीपाळीवर आले. हे सगळे वाचून कुणी म्हणेल की, मग प्रयोग फसला. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे मुख्य कारण २००४ चा डिसेंबर आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. कार निकोबार हे सपाट बेट आहे, आणि वायुदलाचा तळ अगदी किनाऱ्याला लागून होता. सुट्टीची सकाळ असल्याने कुटुंबे घरांतच होती. भूकंपाच्या धक्क्यांनी लोक बाहेर आले आणि त्यानंतर थोड्याच वेळात लाटा आल्या. निवासी वसाहत धुऊन निघाली. वायुदलाचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक माणसे त्या एका तळावर गेली. ज्यांचे स्वतःचे शेजारी वाहून गेले होते, त्या तळावरच्या हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांनी त्याच सकाळी उड्डाणे सुरू केली आणि पाण्यात अडकलेल्या माणसांना उचलून आणले. धावपट्टीचा जो भाग शाबूत होता, त्यावर मदतीची विमाने उतरू लागली. द्वीपसमूहात काही हजार माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि तिथल्या दीपगृहाचा पाया समुद्रात गेला.

त्या आठवड्यात जेट्टी मोडलेल्या होत्या, रस्ते नव्हते, दूरध्वनी बंद होते आणि एका बेटावर नक्की काय घडले आहे हे दुसऱ्या बेटाला कळत नव्हते. अशा वेळी मदतकार्याची सूत्रे या कमांडकडे आली. कोणती नौका कोणत्या बेटाकडे जाईल, हेलिकॉप्टर आधी पाणी नेईल की जखमींना आणेल, भूदलाचे जवान कुठे उतरतील, हे निर्णय एकाच मुख्यालयातून झाले. नौदलाने याच आपत्तीत श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियातही मदत पोहोचवली. अंदमानातल्या मोहिमेला ‘सी वेव्ह’ हे नाव होते. सरकारी यंत्रणेतल्या त्रुटींवर त्या काळात टीका झाली आणि ती अनेक ठिकाणी योग्यही होती. तरीही तीन स्वतंत्र मुख्यालयांनी हेच काम कसे केले असते याची कल्पना करून पाहावी, म्हणजे एका सेनापतीचे मोल समजते.

त्यानंतर बेटांवर हळूहळू बांधणी झाली. कार निकोबारचा तळ बंद करावा की ठेवावा अशी चर्चा होती, पण तो पुन्हा उभा राहिला. ३१ जुलै २०१२ रोजी ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बे इथे आयएनएस बाझ हा देशाचा सर्वांत दक्षिणेकडचा लष्करी हवाई तळ कार्यान्वित झाला. जानेवारी २०१९ मध्ये उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ आयएनएस कोहासा आला. रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवू शकणाऱ्या, कोलकात्यात बांधलेल्या नव्या नौका २०१७ पासून पोर्ट ब्लेअरला येऊ लागल्या. या नौकांशिवाय भूदलाची ब्रिगेड एका बेटावर अडकून पडेल, आणि जवानांशिवाय नौका रिकाम्या, म्हणून त्यांचा सराव एकत्रच करावा लागतो. चेन्नईहून समुद्रतळावरून टाकलेली सुमारे २३०० किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. तोवर बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क मुख्यतः उपग्रहांवर अवलंबून होता. ती केबल आली त्या काळात सेनापती होते नागपूरचे लेफ्टनंट जनरल मनोज पांडे, जे पुढे भूदलप्रमुख झाले.

शेजारी देशांशी संबंध राखणे हेही या कमांडचे मोठे काम आहे. इंडोनेशिया, थायलंड आणि म्यानमार यांच्या नौदलांबरोबर सागरी सीमेवर संयुक्त गस्त घातली जाते. १९९५ मध्ये पोर्ट ब्लेअरला चार परदेशी नौदलांसह सुरू झालेला ‘मिलन’ सराव एवढा वाढला की, २०२२ मध्ये तो विशाखापट्टणमला न्यावा लागला.

ग्रेट निकोबारविषयी मात्र माझ्या मनात काळजी आहे. या बेटावर १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली. त्यांत पंजाबी कुटुंबे मोठ्या संख्येने होती आणि महाराष्ट्रातलीही काही होती. त्यांनी जंगल तोडून नारळ-सुपारीच्या बागा उभ्या केल्या आणि त्सुनामीत त्यांची किनाऱ्यावरची गावे गेली. आता याच बेटावर गॅलेथिया खाडीत मालवाहतुकीचे प्रचंड बंदर, नागरी व लष्करी वापराचा विमानतळ आणि नवे नगर उभारण्याचा प्रकल्प आखला आहे, ज्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवली जाणार आहे. तिथे शोम्पेन आणि निकोबारी हे आदिवासी राहतात आणि त्या किनाऱ्यावर लेदरबॅक कासवे अंडी घालतात. धावपट्टी मोठी होणे लष्करी दृष्टीने गरजेचे आहे, हे मला मान्य आहे. परंतु संरक्षणाच्या नावाखाली व्यापारी बंदर आणि शहर यांची चर्चाच बंद करणे मला मान्य नाही. धावपट्टीची गरज वेगळी तपासावी आणि नगराची वेगळी.

उरला प्रश्न या कमांडच्या पुढच्या रूपाचा. तिन्ही दलांच्या नव्या थिएटर कमांडांचा जो आराखडा चर्चेत आहे, त्यात उत्तर आणि पश्चिम सीमांसाठी एकेक आणि समुद्रासाठी एक अशी विभागणी सांगितली जाते. समुद्राच्या कमांडमध्ये अंदमान-निकोबार विलीन करावी, असे मानणारे अनेक जाणकार आहेत. हिंदी महासागराचे चित्र एकाच डोळ्याने पाहावे हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही विलीनीकरण झाले, तर पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे आता ज्याला श्री विजयपुरम म्हणतात तिथे, तिन्ही दलांवर अधिकार असलेला ज्येष्ठ सेनापती कायम असावा असे मला ठामपणे वाटते. मुख्य भूमीवरचे मुख्यालय हजाराहून अधिक किलोमीटर दूर असेल, आणि २००४ च्या त्या सकाळी जसे झाले तसे संपर्क तुटल्यावर, कुठली नौका कुठल्या बेटाकडे पाठवायची हे तिथे हजर असलेल्या माणसालाच ठरवावे लागेल.